मिनेसोटाचा डावखुरा

२८ डिसेंबर
तेलविहिरींची छावणी, नॉर्थ डकोटा

ताई,

नाताळचं कार्ड पोचलं. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं म्हणून हातमोजे न काढता दातांनीच फोडलं. आत काय, तर छापील शुभेच्छा, खाली ‘मार्नी’, आणि त्याला खेटून दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात ‘मिनेसोटाचा वेंडेल’. एक ओळ लिहिली असतीस तर पेन झिजलं नसतं तुझं.

फोन करत नाहीये, घाबरू नकोस. ‘बोलताना तू फार खोटं बोलतोस, कोल्बी. काय सांगायचं ते लिहून सांग. लिहायचे कष्ट पडले की कमी खोटं बोलशील,’ असं तूच म्हणाली होतीस. तर घे, पडतायत कष्ट. माझी शाळा किती झाली ते तुझ्याहून जास्त कोणाला ठाऊक? आई आपल्याला टाकून ॲरिझोनाला गेली तेव्हापासून तूच मला नदीवरून ओढत वर्गात नेऊन बसवायचीस, आणि तुझी पाठ वळली की मी खिडकीतून परत नदीवर.

कार्डावरचा फोटो छान आलाय. नर एल्क चांगला मोठा आहे, शिंगं एकसारखी. तुम्ही दोघं नारिंगी जाकिटांत, बर्फात बसलेले. त्यानं हात लांब करून स्वतःच काढलेला दिसतो, म्हणून त्याचं नाक बटाट्याएवढं आलंय. की मुळातच तेवढं आहे? बंदूक शिंगांवर आडवी ठेवलीय, तिचा गोळी भरायचा खटका डावीकडे. म्हणजे साहेब डावखुरे. मला डावखुऱ्यांबद्दल काही म्हणायचं नाही. पण मिनेसोटातली माणसं गोठलेल्या सरोवरावर खुर्च्या टाकतात, बर्फाला भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि बियर पीत बसतात, आणि त्याला मासेमारी म्हणतात. त्यातून आलेला माणूस, त्यात डावखुरा. तो तुझ्या शेजारी उभा राहून गळाला पिसाची खोटी माशी बांधून फेकणार म्हणजे तुझा कान जपून ठेव.

आता खरं बोलतो. ताई, तू मागचा डोंगर कापायला विसरलीस.

आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा शिकारीचा फोटो दाखवताना मागच्या डोंगरावर अंगठा ठेवतं. तूच शिकवलंस मला. माणूस शिंगं बघत नाही, माणूस शिंगांच्या मागे बघतो, म्हणालीस. मग मीही मागेच बघितलं. डावीकडे कड्याला फुटक्या दातासारखी खाच, मग चढ, मग उजव्या टोकाला दोन एकटे पाइन. ही किटली आहे. मी झोपेतही ओळखीन.

किटलीला नेलंस तू त्याला.

जमीन सरकारी आहे, मला माहीत आहे. नकाशात हिरवी, म्हणजे सगळ्यांची. पण रँचच्या कुंपणाला वळसा घालून, बर्फाचे जोडे बांधून, तीन-तीन तास तिथे कोण चढतं? तू आणि मी. वरची सगळी नदी गोठते तेव्हा तळातल्या ऊन झऱ्यामुळे तेवढा एक डोह वाफाळत राहतो, त्याला किटली हे नाव तूच ठेवलंस. डोहाच्या वरच्या माळावर बर्फ पातळ असतो म्हणून जानेवारीत एल्क शिखरांवरून तिथे उतरतात, हे आपण दोघांनी पोटावर पडून पाहिलंय. आपल्यात कायदा एकच आहे: ज्यानं जागा दाखवली त्याला विचारल्याशिवाय तिसऱ्याला न्यायचं नाही. ती जागा आपल्याला कोणी दाखवली नव्हती. आपण मिळून शोधली. म्हणजे तू मला विचारायला हवं होतंस.

एवढंच कळव, नेलंस की नाही.

कोल्बी

•

९ जानेवारी
छावणी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मग मी लिओनामावशीच्या पंपावर फोन लावला. तुला नाही लावला, मावशीला लावला, त्याला तुझी मनाई नाही.

“कोण हा वेंडेल?” म्हटलं.

“अरे, गुणी माणूस आहे,” मावशी म्हणाली. “रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवतो. जाता जाता तुझ्या ताईच्या दारातलाही काढून देतो.”

“दारातला बर्फ मी काढायचो.”

“तू? मेल्या, मार्चमध्ये उन्हानं काढला असता त्याच्या आदल्या दिवशी काढायचास तू!”

मागे गिऱ्हाईकं हसली. फोन स्पीकरवर ठेवते ती, बाई आहे की आकाशवाणी? मी विचारलं, शिकारीचं राहू दे, मासे धरायला जातात का दोघं? तर म्हणाली, “दर रविवारी पुलाखाली दिसतात की. एकच काठी घेऊन.”

हे ऐकलं आणि फोन ठेवला. पैसे संपले असं सांगितलं. संपले नव्हते.

एकच काठी, ताई?

घरात दोन काठ्या असताना? आपल्याकडे एकच होती म्हणून आपण तसं करायचो. एक मासा निघाला की काठी दुसऱ्याच्या हातात, आणि ज्याचा मासा निघाला त्यानं मागे सरून हात काखेत घालून उभं राहायचं, आणि तोंड बंद. काठीवरच्या दोर ओवायच्या कड्यांत बर्फ धरला तर ज्याची पाळी नाही त्यानं तो तोंडात धरून वितळवायचा. माझी जीभ चिकटली होती एकदा, तू कॉफी ओतलीस, जीभ सुटली आणि भाजली. पुढे दुसरी काठी घेतली तरी हिवाळ्यात आपण एकच न्यायचो. गरज म्हणून नाही. मला वाटायचं ती आपली गोष्ट आहे. तुझी आणि माझी. आता कळलं की ती तुझी गोष्ट आहे आणि मी नुसता तेव्हा तिथे होतो.

तो काठी तोंडात धरतो का? डावीकडून?

बरं, तू म्हणशील कोल्बी स्वतःचं सांगत नाही. सांगतो. ऑक्टोबरात निघताना मी म्हणालो होतो, शिकारीचा हंगाम उघडायच्या आत येतो. मग मी तुला कळवलं की रजा नाही मिळाली. रजा मिळाली होती. पोरं मोटारींच्या शर्यती बघायला दक्षिणेत चालली होती, मीही बसलो गाडीत. का बसलो ते विचारू नकोस. मला तिथे असलो की इथे जावंसं वाटतं आणि इथे आलो की तिथे. शर्यत चालू असताना मला आठवलं की आज हंगामाचा पहिला दिवस आहे, आणि तू चुलीवर दोघांची कॉफी ठेवली असशील.

एल्क एकट्यानं पाडता येतो, घरी एकट्यानं आणता येत नाही. तेवढं मांस खांद्यावर घेऊन बर्फातून खाली यायला दुसरा माणूस लागतोच. तुला दुसरा लागला, तू बघितलास. मला कळतं. कळतं म्हणजे गिळवतं असं नाही.

इथे थंडी आहे, पाइप उघड्या हातानं धरला तर कातडी तिथेच राहते. माझ्या खोलीत टक नावाचा ओक्लाहोमाचा गडी आहे, मोठा हसरा. बदक, डुक्कर, जे उडेल-पळेल त्यावर बार टाकून झालेत त्याचे. आपल्या मॉन्टानात फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मादी एल्कचा परवाना चालतो म्हटल्यावर ऐकतच राहिला. मी त्याला किटलीचं सांगितलं. म्हणजे नाव. म्हणजे साधारण कुठे येते ते. फार नाही.

तुझा (अजून),
कोल्बी

•

१७ जानेवारी
छावणी

मार्नी,

उत्तराबद्दल आभार. इतकं छोटं पत्र की तिकिटाच्या मागेही मावलं असतं. “किटलीला मी कोणालाही नेलेलं नाही. आणि वेंडेल डावखुरा नाही. तू काय बरळतोयस?” बस्स.

फोटो माझ्या समोर आहे, मार्नी! भिंतीला चिकटवलाय, रोज दात घासताना बघतो. डोळे फुटले नाहीत माझे. फुटका दात डावीकडे, पाइन उजवीकडे, खटका डावीकडे. म्हणजे आता तू डोंगर लपवणार, आणि त्याचा हातही लपवणार? उद्या म्हणशील फोटोत एल्क नाही, गाय आहे.

खोटं बोलणं माझं काम होतं आपल्या घरात. तू कधीपासून सुरू केलंस? त्यानंच शिकवलं असेल. गोड बोलून दुसऱ्याच्या जागेवर बसायचं, आणि विचारलं की, छे, आम्ही कुठे!

तू काहीही लिहिलं असतंस ना, ‘हो नेलं, तू नव्हतास म्हणून नेलं,’ तरी मी पाइपावर दोन लाथा मारून गप्प बसलो असतो. पण नेलं आणि वर नाही म्हणतेस, याचा अर्थ तुला ती जागा आता त्याच्यासाठी ठेवायचीय. तुम्ही दोघं तिथे जाणार, एका काठीनं मासे काढणार, माझ्या दगडावर तो बसणार, आणि मी इथे चिखल उपसणार.

म्हणून मी काल सांगून टाकलं. सगळं. जेवणाच्या खोलीत टकच्या फोनवर नकाशा उघडला, रँचचं कुंपण दाखवलं, वळसा कुठून घ्यायचा, माळ कुठे, ऊन पाणी कुठे, आणि बरोबर डोहावर बोट टेकवलं. लाल खूण उमटली. किती सोपं आहे ते. तीन तासांची वाट, दहा वर्षांची जागा, आणि बोट टेकवलं की झालं.

टक म्हणाला, “गड्या, अशी जागा कोणी सांगतं का? आमच्याकडे बाप पोराला सांगत नाही.”

मी म्हटलं, “सरकारी जमीन आहे. सगळ्यांची. जा, जाऊन ये.”

आता तिथे तू एकटी राणी नाहीस, आणि तो राजा नाही. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची.

कोल्बी

•

२१ जानेवारी
छावणी

ताई,

ते आधीचं पत्र आलं असेल तर वाचू नकोस. मी टपालवाल्या बाईच्या मागे गेलो होतो, पिशवी गेली म्हणाली.

काय झालं ते लिहितो. आज टक माझ्या भिंतीसमोर दाढी करत होता. म्हणाला, “हा तुझा डावखुरा मेव्हणा का?” मी म्हटलं मेव्हणा नाही, आणि हो, डावखुरा. तो फोटोजवळ गेला, मग हसायलाच लागला. “येड्या, हा पुढच्या कॅमेऱ्यानं काढलाय. काही फोन असे फोटो आरशासारखे उलटे ठेवतात. बघ, याच्या जाकिटाची बटणंसुद्धा बायकांसारखी लागलीयत!”

मी असला फोटो जन्मात काढलेला नाही. माझ्या फोनला पुढे डोळाच नाही.

तरी मी वाद घातला. मग तुझ्याकडे बघितलं. ताई, तुझ्या डाव्या भुवईत माझ्या गळाची खूण आहे. मी लहान होतो, मागे न बघता काठी फिरवली आणि गळ तुझ्या भुवईत शिरला, आणि तू मला ओरडायच्या आधी दोर तोडलास, मासा मोठा आहे रे, म्हणालीस. फोटोत ती खूण उजवीकडे आहे. तीन आठवडे तो फोटो माझ्यासमोर आहे. मी त्याचं नाक बघितलं, त्याचा हात बघितला, डोंगराची एकेक खाच बघितली. तुझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.

मग फोटो दाढीच्या आरशासमोर धरला. फुटका दात उजवीकडे गेला, पाइन डावीकडे. आणि हे कुठलं आहे माहीत आहे मला. मेंढीकडा! हमरस्त्यावरचा, होड्या उतरवायच्या धक्क्यामागचा मेंढीकडा, जिथे टेक्सासची माणसंसुद्धा मोटार थांबवून फोटो काढतात. जिल्ह्यात त्याच्याइतकी उघडी जागा नसेल. त्या फोटोवरून मी किटली देऊन टाकली.

मी टकला म्हटलं ती खूण पुसून टाक. तो म्हणाला, पुसतो की, पण त्यानं ती विहिरीवरच्या चौघांना पाठवलीय, आणि त्या चौघांनी कोणाकोणाला ते देव जाणे. शनिवारी निघायचं ठरलंय त्यांचं. मी म्हटलं जाऊ नका. “का?” टक म्हणाला. त्याला खरंच कळेना. “तूच तर म्हणालास, सगळ्यांची.” मी त्याची गचांडी धरली. इतरांनी सोडवलं. तो रागावलाही नाही, ताई. त्यानंच माझा शर्ट नीट केला.

हे पत्र शनिवारच्या आत तुला मिळणार नाही, म्हणून मी तुला फोन लावला. मनाई मोडून. तू उचलला नाहीस, निरोप ठेवायचा आवाज झाला, आणि मी फोन ठेवला. मग मावशीला लावला. ताईला सांग म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर हवा कशी आहे! मावशी म्हणाली, “हिवाळा आहे बाबा, हवा हिवाळ्यासारखी आहे. काय झालंय तुला?” काही नाही म्हटलं.

शुक्रवारची पाळी संपली की मी गाडी काढतोय.

कोल्बी

•

२७ जानेवारी
छावणी

ताई,

मी शनिवारी तिथे होतो. तू मला पाहिलं नाहीस. मी पाहिलं तुला.

रस्ता बर्फानं बंद होता म्हणून पोचायला उशीर झाला, सूर्य चांगला वर आला होता. कुंपणाच्या फाटकाशी, जिथे आपली एकटी गाडी असायची, तिथे मोटारींची रांग. टकची होती. ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशांच्या होत्या, दुसऱ्या राज्यांच्या पाट्या. घोडे आणायची पेटीगाडीसुद्धा होती. वर चढणारी वाट रस्त्यासारखी तुडवलेली. माळाच्या बाजूनं बार ऐकू येत होते, एकामागून एक, घाईचे. ज्याला एल्क कळतो तो असे बार टाकत नाही.

रांगेच्या शेवटी एक हिरवा पिकअप होता. काच खाली झाली आणि कानावर झडपा असलेल्या टोपीतलं एक नाक बाहेर आलं. मुळातच तेवढं आहे, ताई. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही.

“कॉफी घ्या,” तो म्हणाला. “गोठलायत तुम्ही.” आणि थर्मास उघडून ओतली. उजव्या हातानं.

मी घेतली. नाही म्हणणार होतो, पण बोटं ऐकत नव्हती.

“तुम्हीही त्या खुणेवर आलात का?” त्यानं विचारलं. “फोनवर फिरतेय म्हणे. मघाशी एकानं मला दाखवायला आणली. मी तोंड फिरवलं.”

“का?”

“मी जिच्याबरोबर आलोय तिनं सांगितलंय, या फाटकाच्या पुढे यायचं नाही. पुढे तिची आणि तिच्या भावाची जागा आहे. भाऊ घरी आला की तो आणि ती मिळून ठरवतील, मला न्यायचं की नाही.”

मी म्हटलं, “सरकारी जमीन आहे. तुम्हाला कोण अडवणार?”

“कोणी नाही,” तो म्हणाला. “म्हणून तर थांबायचं ना.”

मला त्याला मारावंसं वाटलं. एवढं सरळ वाक्य माझ्या तोंडून जन्मात निघालं नाही.

मी विचारलं, भाऊ कसा आहे. म्हणाला, “पाहिला नाही. पण ती सांगते, माशी टाकण्यात हात तिच्याहून हलका आहे त्याचा. पाण्याला कळत नाही कधी पडली ते. फक्त पाय ठरत नाहीत म्हणे एका जागी.” मग म्हणाला, “मला नाही जमत ती माशी टाकणं. पुलाखाली उभा राहतो तिच्याबरोबर, तिची दुसरी काठी मी घ्यावी म्हणते, मीच घेत नाही. सगळे बघतात मी झाडात अडकवतो ते.”

एकच काठी त्यामुळे होती, होय ना? मी तुला विचारत नाहीये. मला उत्तर नको.

“तुमचं नाव काय?” त्यानं विचारलं.

“टक,” मी म्हणालो.

मग तू खाली उतरताना दिसलीस. मी कप तसाच त्याच्या हातात दिला आणि घोड्यांच्या पेटीगाडीमागे जाऊन उभा राहिलो. माझं रागाचं पत्र तुला शुक्रवारी मिळालं असणार. म्हणूनच तू वर गेली होतीस, खरंय की खोटं ते बघायला. तुझ्या पाठीवर बंदूक होती आणि काठीची नळीही होती, तिचं झाकण उघडलेलं नव्हतं. तुझा चेहरा मी पाहिला. तू चिडली असतीस तर मला चाललं असतं. तू असा चेहरा केला होतास जसं कोणीतरी तुला पत्ता विचारलाय आणि तुला तो सांगता येत नाहीये.

तो गाडीतून उतरला. खाली गुडघ्यावर बसून त्यानं तुझ्या बर्फाच्या जोड्यांचे पट्टे सोडवले, कारण तुझी बोटं चालत नव्हती. आणि तू त्याला सोडवू दिलेस. मला कधी दिले नव्हतेस, ताई. मी पुढे झालो की म्हणायचीस, सरक, मला जमतं. तेवढ्यानं मला त्याचा हेवा वाटला, आणि लाज वाटते, कारण त्या वेळी माझी हेवा करायची लायकी नव्हती.

गाडी निघून गेली. मी हाक मारू शकलो असतो. तोंड उघडलं असतं तर काहीतरी खोटंच निघालं असतं, म्हणून उघडलं नाही.

मग वर गेलो. किटलीच्या काठाला माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, ओळीनं, पाण्यात एकमेकांचे दोर गुंतवत. माझ्या दगडावर कोणाचा तरी बियरचा खोका. टकनं मला बघितलं आणि टोपी काढून हलवली. “ये, ये! तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय!” मनापासून म्हणाला. तो असाच आहे. मी मान हलवली आणि पुढे गेलो. वरच्या माळावर एल्क नव्हते. बर्फ नांगरल्यासारखा झाला होता, सगळा कळप कुंपण ओलांडून रँचच्या खासगी जमिनीत गेलेला, आता वसंतापर्यंत तिथून हलणार नाही. तुझा मादीचा परवाना अजून खिशातच असेल. या हिवाळ्यात तुझ्या फ्रीझरमध्ये त्या नराचं उरलेलं जे आहे तेवढंच. हे मी केलं. टकनं नाही, वेंडेलनं नाही.

परत फिरायला हवं होतं. फिरलो नाही. पाय ठरत नाहीत म्हणतेस ना, तर नाही ठरले. जिथून आपण नेहमी परत वळायचो तिथून पुढे चालत राहिलो.

आता नीट वाच. किटलीत वरून येणाऱ्या ओढ्याच्या काठानं वर जा. घळ अरुंद होते आणि पुढे काही नाही असं वाटतं, म्हणूनच आपण कधी गेलो नाही. विजेनं उभं चिरलेलं लार्चचं एक झाड आहे, त्याच्या उजवीकडून चढ. वर ओढ्याचे दोन फाटे होतात. डावा रुंद आहे, चालायला सोपा, तो घेऊ नकोस, तो दलदलीत जातो, मी कमरेपर्यंत गेलो होतो. उजवा घे. बीव्हरांनी काटक्या रचून घातलेला जुना, फुटका बांध लागेल, आणि त्याच्या मागे, कड्याच्या पोटात, एक डोह आहे. लहान आहे. आपल्या स्वयंपाकघराएवढा. मध्यभागी बर्फ धरलेला नाही, काळं पाणी, आणि मी पडून राहिलो तेवढ्या वेळात त्यात माशांची नाकं वर येताना दिसली, चिलटं टिपायला, हळू, घाई नसल्यासारखी. मोठे ट्राउट आहेत, ताई. दुपार कलेपर्यंत आपली सावली पाण्यावर पडते, म्हणून शेवटची काही पावलं गुडघ्यांवर जायचं. सगळ्यात बारीक माशी लाव, करडी. बांधावर एल्कच्या पावलांच्या खुणाही आहेत, ताज्या नाहीत, पण आहेत. डिसेंबरात जाऊन बघण्यासारखं आहे.

उसनी आणलेली काठी माझ्या पाठीवर होती. मी तिथे गळ टाकला नाही. टाकावासा फार वाटला. पण टाकला असता तर तो माझा झाला असता, आणि मग मला पुन्हा वाटायला लागलं असतं की कोणालाही नेताना तू मला विचारावंस.

कोणाला सांगितलेलं नाही. नकाशावर बोट टेकवलेलं नाही. माझ्या येतानाच्या खुणा मी पाइनच्या फांदीनं झाडल्या, वेड्यासारखा, मागे मागे चालत, त्यात अंधार पडला. या एका कागदावर आहे तेवढंच. वाचलंस की चुलीत घाल.

मी इथेच आहे सध्या. टकशी बोलतो आता, त्याला कळलं नाही मी का बोलत नव्हतो. घरी ये असं तू लिहू नकोस. लिहिलंस तर मी येईन, आणि मी वेंडेलशेजारी बसून त्याच्या हातची कॉफी घ्यायला अजून तयार नाही. त्याला सांग की टक नावाचा जो माणूस भेटला तो टक नव्हता. किंवा राहू दे, मी लिहीन त्याला केव्हातरी.

तो डोह तुझा आहे. एकटी जा. किंवा त्याला न्यायचं असेल तर ने. हे वाक्य लिहायला मला संध्याकाळ लागली, तीन कागद फाडले, पण लिहिलं: वेंडेलला ने. फाटकाशी थांबवू नकोस त्याला. थंडी फार असते तिथे.

डोहाला अजून नाव नाही. नाव मात्र तूच ठेव, ताई. त्याला ठेवू देऊ नकोस.

कोल्बी